पांगाऱ्याचा बिंडा

माझी बायको सुलभा मंगळवारी गेली. दुपारी तिला नदीवर नेलं. अग्नी देऊन झाल्यावर शेजारचे आप्पा जगदाळे माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमास्नी पवाया येतंय का?"

मी नाही म्हणालो.

"बरं," असं म्हणून आप्पा लोकांत जाऊन उभे राहिले.

माझे मेहुणे तासगावाहून आले होते. त्यांनी हे ऐकलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "हे गृहस्थ डोक्यानं बरे आहेत ना?"

"तसे बरे आहेत," मी सांगितलं.

आमच्या गावात आप्पांविषयी बोलताना हा 'तसे' प्रत्येकाला वापरावा लागे. तसे ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले होते. तशी त्यांची कृष्णाकाठी उसाची जमीन होती. तशी त्यांना पेन्शनही होती. पण जमीन पुतण्या बघायचा, पेन्शन पुतण्याची बायको शांता बघायची, आणि आप्पा नदी बघायचे.

आप्पांचं एक तत्त्व होतं. जी गोष्ट माणसाला स्वतःच्या हातानं करता येते, ती विकत घ्यायची नाही. या तत्त्वामागं एक प्रश्न होता आणि तो ते कुणालाही विचारत. "उद्या दुकान बंद पडलं तर?" नवी चप्पल घालून कुणी समोरून गेला की त्याला विचारत. सायकलवाल्याला विचारत. एकदा शाळेच्या तपासणीला साहेब आले होते. त्यांनी खिशातून लायटर काढला, तर त्यांनाही विचारलं. साहेबांना वाटलं, गावात दुकानदारांचा संप आहे.

गावातलं किराणा दुकान बाबूभाई अत्तारांचं. आप्पांचा हा प्रश्न सगळ्यांत जास्त त्यांना झोंबायचा, आणि ते साहजिक होतं. मी एकदा साबण घ्यायला गेलो असताना आप्पा चहापावडर बांधून घेत होते.

"काडीपेटी देऊ का?" बाबूभाईंनी मुद्दाम विचारलं.

"काडीपेटी कशाला? उद्या दुकान बंद पडलं तर?"

"आवं आप्पा, अजून बोहनी व्हायची हाय माझी. सकाळच्या पारी आसलं बोलू नगासा."

"बोलतोय कुठं, इचारतोय."

"बरं, इचारताय तर मी बी इचारतो. दुकान बंद पडल्यावर चापावडर कुठनं आनशिला?"

आप्पांनी पुडीकडं पाहिलं. बाबूभाईंकडं पाहिलं. पुडी परत फळीवर ठेवली आणि निघून गेले. त्यानंतर बरेच दिवस ते नदीकाठचा गवती चहा नुसता उकळून पीत होते. शेवटी शांतावहिनींनीच पावडर आणली आणि आप्पांना न सांगता चहात टाकायला सुरुवात केली. आप्पा बाबूभाईंना सांगत, "आता गवताला बी पावडरीवानी रंग यायलाय."

काडीपेटी मात्र त्यांनी खरोखरच कधी वापरली नाही. त्यांच्या कमरेला कळकाची, म्हणजे बांबूची, एक नळी असे. तिच्यात चकमक होती. गारगोटीचा एक खडा, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस. खड्यावर पोलाद घासून ठिणगी पाडायची, ती कापसावर झेलायची आणि फुंकर घालायची. फौजेत असताना आसामच्या जंगलात त्यांना कसलं तरी शिक्षण दिलं होतं. ते त्याला 'कोरस' म्हणत. कोरसात विस्तव एका फुंकरीत पेटायचा. आमच्याकडं तो कधी एका फुंकरीत पेटत असे, कधी अर्धी सकाळ जाई. पण पेटल्याशिवाय आप्पा उठत नसत. हिवाळ्यात चकमक घासणारे आप्पा, शेजारी चहाचं रिकामं भांडं, आणि पदराखाली काडीपेटी लपवून उभ्या असलेल्या शांतावहिनी, असं चित्र मला माझ्या खिडकीतून दिसायचं. सुलभा म्हणायची, "वहिनींच्या संयमाला पेन्शन मिळायला हवी."

मासेमारीतही तेच. गळ छत्रीच्या काडीचा, स्वतः वाकवलेला. दोरी घायपाताच्या वाखाची, स्वतः वळलेली. काठी बांधावरच्या कळकाची. एवढं सगळं स्वतः केल्यामुळं मासा मिळण्याची शक्यता फार कमी होत असे. दोरी जाड होती, ती माशाला लांबून दिसायची. गळ मऊ होता, मोठ्या माशानं ओढला की सरळ व्हायचा. एकदा एक वाम गळाला लागली आणि दोरी तोडून गेली. आप्पा तिच्या ताकदीचं कौतुक करीत घरी आले. शांतावहिनी म्हणाल्या, "मला ठावं हुतं. मी वांगं आदीच चिरून ठेवलंय."

सांगडीची गोष्ट तर अजून सांगतात. वाळलेले भोपळे एकत्र बांधून त्यावर नदी पार करायची जुनी पद्धत आहे. आप्पांनी भोपळे वाळवले, जाळीत बांधले आणि नदीत उतरले. त्याच दिवशी वर कोयनेतून पाणी सोडलेलं होतं. आप्पा पलीकडं जायचे ते खाली गेले. दुपारी एस्टीनं परत आले, मांडीवर भोपळे घेऊन. कंडक्टरनं त्यांना लगेज लावलं होतं.

"म्या म्हनलं, ही होडी हाय," आप्पा सांगत होते. "तर म्हनतोय, होडीचं बी लगेज लागतं."

असा हा माणूस. सुलभा गेली तेव्हा आम्ही दहा-बारा वर्षं शेजारी राहत होतो, पण आमचं बोलणं बेताचंच होतं. मी शाळेत मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात वाचायचो. घराबाहेर फारसा पडत नसे. आमचं घर शाकाहारी. मासे, नदी, चकमक यांच्याशी माझा संबंध खिडकीपुरता होता.

मेहुणे दहाव्यापर्यंत राहणार होते. घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला तिथं बसवत नव्हतं. मी संध्याकाळी उठून घाटावर जाऊ लागलो. घाटाच्या शेवटच्या पायरीला पाणी लागलेलं असे. मी तिथं उभा राहायचो. भाद्रपदातलं पाणी, गढूळ, वेगानं जाणारं. मी तिथं कशासाठी उभा राहतो हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी आप्पा तिथं गळ टाकून बसलेले दिसले. त्या पाण्यात गळ टाकणं म्हणजे पावसात दिवा लावणं. मी पायरीवर उभा राहिलो. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मास्तर, जरा काठी धरा की. तंबाखू मळायचीय."

मी काठी धरली. त्यांनी तंबाखू मळली. मग चुना सापडेना. मग कुणीतरी ओळखीचा दिसला, त्याच्याशी बोलायला गेले. अंधार पडेपर्यंत काठी माझ्याच हातात होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. गावात कुजबुज झाली. सुतक फिटलं नाही आणि मास्तर गळ टाकून बसतात. आमच्या मेहुण्यांना ते असह्य झालं. ते घाटावर आले आणि आप्पांना म्हणाले, "अहो, सुतकात मासे धरायला बसवता यांना?"

"मासं कुठं धरत्यात ते?" आप्पा शांतपणे म्हणाले. "काठी धरत्यात."

मेहुणे हुशार वकील होते. ते तसेच घाट चढून घरी गेले.

एकदा दोरीला बांधलेला तरंगता तुकडा खरोखरच बुडाला. काठी हातात थरथरली. मी उठून उभा राहिलो.

"वडा," आप्पा म्हणाले.

"नको."

"आवं, वडा की."

"नको," मी पुन्हा म्हणालो. थरथर थांबली. मासा गेला होता.

मला वाटलं आप्पा चिडतील. त्यांनी दोरी वर घेतली, रिकामा गळ बघितला आणि म्हणाले, "नको म्हनलं की गेला. शिकल्याला दिसतोय."

मी हसलो. सुलभा गेल्यानंतर पहिल्यांदाच. लगेच अपराध्यासारखं वाटलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते गळाला नवीन गांडूळ लावत होते.

पाहुणे गेले. मी पुन्हा शाळेत जाऊ लागलो. आप्पा रोज संध्याकाळी घाटावर असायचे आणि काठी रोज माझ्या हातात यायची. सुलभाविषयी ते कधी बोलले नाहीत. गांडुळं कुठं मिळतात, मरळ पाण्याच्या कुठल्या थरात राहते, शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करायचं, हे सांगायचे. मी ऐकायचो. ऐकत नसलो तरी ते सांगायचे. ज्या दिवशी मी घाटावर गेलो नाही, त्या दिवशी ते दारात आले. "काठी धरायला मानूस न्हाई," असं म्हणाले आणि तिथंच उभे राहिले.

शिवरात्र झाली. थंडी सरली. नदी उतरून निवळ झाली. एका पहाटे आप्पा दोर आणि एक लाकूड घेऊन दारात उभे होते.

"चला, पवाया."

आमच्या भागात पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधतात. पांगाऱ्याचं लाकूड वजनाला फार हलकं. त्या ओंडक्याला बिंडा म्हणतात. तो माणसाला वर धरतो. बिंडा बांधून पाण्यात उतरणारी मुलं मी पाहिली होती. पंचेचाळिशीचा माणूस पाहिला नव्हता.

"आप्पा, हे वय आहे का माझं?"

"वय इचारायला पानी काय शाळा हाय?"

मी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं धुराचा वास आला. दार उघडलं तर आप्पा माझ्या उंबऱ्यासमोर बसून चकमकीनं विस्तव पेटवत होते.

"हे काय?"

"तुमी येस्तवर बसायचं म्हंजे जरा उबारा नगो का?"

रस्त्यानं जाणारे थांबून बघू लागले. एकानं विचारलं, मास्तरांच्या घरी काय झालं. मला पंचा घेऊन निघावं लागलं.

त्या पहिल्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहितो. बिंडा माझ्या पाठीवर माझ्याइतकाच रुंद होता. घाटावर बायका धुणं धूत होत्या, त्यांनी हात थांबवले. वरच्या पायऱ्यांवर माझ्या वर्गातली मुलं जमली. मी ज्यांना वर्षभर 'नीट बसा' सांगत होतो, ती मला 'सर, पाय मारा' सांगत होती. मी पाय मारले. पुढं न जाता जागेवर फिरलो. नाकातोंडात पाणी गेलं. एका बाईनं मोठ्यानं म्हटलं, "आगं बया, मास्तर उलटं झालं." आणि मी खरोखरच उलटा झालो होतो, कारण बिंडा वर होता आणि मी खाली.

आप्पांनी मला सरळ केलं. "उद्या जरा लवकर येऊ," म्हणाले. एवढीच काय ती त्यांनी दिलेली सवलत.

हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. शिक्षकाची प्रतिष्ठा वगैरे सांगितलं. मला बरं वाटलं, कारण आता न जाण्याला कारण मिळालं होतं. मी ते आप्पांना सांगितलं. आप्पा हेडमास्तरांच्या घरी गेले आणि त्यांना विचारलं, "सायेब, तुमास्नी तरी पवाया येतंय का?" हेडमास्तरांना येत नव्हतं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. नदीकडच्या रस्त्यानं जाणंही सोडलं.

चैत्रात मी पाण्यात न घाबरता हातपाय मारू लागलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बिंडा लहान झाला आहे. पहिल्यांदा वाटलं भास असेल. पण पाठीवर तो आता दप्तराएवढा लागत होता.

"आप्पा, बिंडा बारीक झालाय का?"

"पानी पितोय की त्यो रोज. आटतोय."

लाकूड पाण्यानं फुगतं, आटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एका सकाळी मी जरा लवकर घराबाहेर आलो, तर आप्पा अंगणात बसून वाकसानं बिंडा तासत होते. मी परत आत गेलो. बिंडा आटत राहिला. दप्तराची वीट झाली. विटेचा वरवंटा झाला. पुढं तो लाटण्याएवढा उरला. मी तो बांधून घेत होतो आणि पोहत होतो. त्या लाटण्यानं मी तरणार नाही हे मला कळत होतं, पण ते पाठीला असताना मला भीती वाटत नव्हती. आप्पांनाही हे कळत असावं. आम्ही दोघंही त्याविषयी बोललो नाही.

वैशाखात एका सकाळी त्यांनी माझ्या पाठीला दोर आवळला, गाठ मारली, गाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आज पल्याड."

नदी त्या दिवसांत अरुंद असते, तरी मध्ये खोल आहे. ते माझ्या बाजूनं पोहत होते. मधल्या धारेत मला पाय टेकावेसे वाटले आणि टेकायला काही नाही हे जाणवलं. मी थांबलो नाही. मग वाळू पायाला लागली. मी गुडघ्यांवर बसलो आणि बराच वेळ धापा टाकत राहिलो. दोर काचत होता म्हणून सोडायला हात मागं नेला. दोरात काही नव्हतं.

"आप्पा, बिंडा कुठाय?"

"घरात. शांतानं चुलीत घातला आसंल."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. ते नळी उघडून चकमक घासू लागले होते. पाण्यात कापूस भिजला होता, ठिणगी धरत नव्हती. तरी ते घासत होते.

"एवढा हट्ट का धरलात?" मी विचारलं.

त्यांनी आणखी एकदा पोलाद घासलं. मग मान वर न करता बोलले.

"तुमी घाटावर हुबं ऱ्हायचा. म्या बगत हुतो."

"मी तसं काही ठरवलं नव्हतं."

"म्या तरी कुठं ठरवलं हुतं?"

गारगोटीवर पोलाद घासत घासतच त्यांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायकोचं नाव पारू. ते आसामात होते आणि ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तार मिळून रजा मिळून गावात पोचेपर्यंत तेरावा होऊन गेला होता.

"घरात गेलो तर समदं झाडून सारवून ठेवल्यालं. लोकांनी. तिची एक वस्तू जागेव न्हाई. तसाच भाईर पडलो. पूर हुता नदीला. वर्दी बी काढली न्हाई. सरळ चालत गेलो." त्यांनी खडा उलटा करून धरला. "गळ्यापातूर डोस्क्यात काय न्हवतं. पान्यानं पाय उचललं आन हात लागलं की मारायला. म्या म्हनतोय, ऱ्हाऊ दे. हात ऐकत न्हाईत. ल्हानपनी आज्यानं शिकवल्यालं. त्या हातास्नी काय ठावं, पारू गेली म्हून."

"मग?"

"मग काय. खालच्या गावाला लागलो. काठाला एक म्हातारी म्हशी राखत हुती. मला म्हनली, पुरात पवायची हौस आली व्हय रं मुडद्या? म्या म्हनलं, व्हय, आजी. तिनं भाकरी दिली. खाल्ली. पिठलं हुतं. लय तिखट."

पलीकडच्या घाटावर बायकांचं धुणं आपटल्याचा आवाज येत होता, जरा उशिरानं.

"तुमास्नी पवाया येत न्हाई म्हनलात," आप्पा म्हणाले, "तवाच म्या गळ घिऊन घाटावर येऊन बसलो. शिकल्यालं मानूस. वाचलं लय, पर हात कोरं."

पोहणारा माणूस बुडत नाही, हे खरं नाही. चांगले पोहणारे बुडालेले मी नंतर पाहिले आहेत. पण आप्पांचा एका गोष्टीवर विश्वास होता, आणि त्या विश्वासापायी त्यांनी सात-आठ महिने एका अबोल माणसाच्या हातात काठी दिली, गावाचं हसू ओढवून घेतलं आणि रोज सकाळी लाकूड तासलं. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पारूचं नावही मी शांतावहिनींच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

विस्तव काही पेटला नाही. आप्पांनी नळी बंद केली.

"चला माघारी."

मी पाण्याकडं बघितलं. "बिंड्याशिवाय?"

"येताना बी न्हवता."

आम्ही परत आलो.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं बरोबर पोहलो. संध्याकाळी गळही टाकत होतो. एकदा सुलभाविषयी बोलायला सुरुवात केली ती मीच. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यास्नी येत हुतं का, पवाया?" येत होतं. तिचं माहेर नदीकाठचं होतं. लहानपणी ती नदी पार करायची, असं ती सांगे. हे मी विसरून गेलो होतो.

गेल्या पौषात आप्पा गेले. झोपेत. पुतण्यानं अग्नी दिला. शांतावहिनी फार रडल्या. बाबूभाईंनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. आप्पांना नदीवर नेलं तेव्हा सगळे काठावर उभे होते आणि मी लोकांतल्या लोकांत, आपल्याला पोहता येतं एवढंच मनाशी म्हणत होतो.

आता सकाळी घाटावर मी एकटा असतो. नदी पार करतो. पलीकडच्या वाळूवर थोडा वेळ बसतो. मग परत येतो.